चार्ज देण्यापुरता एक दिवस

नाकाच्या दोन्ही अंगांना दोन खड्डे – तांबूस, किंचित चकचकीत, पिकत आलेल्या फळावर कुणी बोट दाबून बघितल्यासारखे – आणि फोटो केवढासा, काडेपेटीएवढा, त्यात चेहरा त्याहून लहान. तरी नजर आधी गेली ती त्या खड्ड्यांकडेच. चष्मा काढून फोटो काढायचा असा नियम होता. कान दिसले पाहिजेत, हसायचं नाही, मागे पांढरं. फोटोवाल्याने दोघांचे फोटो एकाच पाकिटात घालून दिले होते, आणि आता व्हिसावालीच्या टेबलासमोर बसून, ती पोरगी फोनवर दुसऱ्याच कुणाची समजूत घालत होती तेवढ्या वेळात, तिने पाकीट उघडलं होतं. स्वतःचे फोटो पालथे घातले होते आणि नवऱ्याचा बघत राहिली होती. हे खड्डे कधीपासून आहेत? चष्मा लागला तेव्हा मुंगी नुकती शाळेत जायला लागली होती. मुंगी म्हणजे त्यांची एकुलती एक. लहानपणी घरातलं जे हाताला लागेल ते उचलून कोपऱ्यात नेऊन ठेवायची म्हणून मुंगी, आणि आता परदेशात, मांडीवर सहा महिन्यांचं बाळ, तरी मुंगीच. म्हणजे जवळजवळ तिच्याच वयाचे हे खड्डे, आणि मी ते आज बघते आहे... एका परक्या ऑफिसात, फोटोमध्ये, हे शेजारच्या खुर्चीत बसलेले असताना.

तिने शेजारी बघितलं. चष्मा जागेवर होता. मांडीवर कागदांची पिशवी, पिशवीवर दोन्ही हात, आणि नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे – जन्मभर पंपघरात दाबाच्या काट्याकडे बघितलं ती नजर. त्याची झोपायची वेळ झाली होती.

व्हिसावालीने फोन ठेवला, केसांत खोचलेली पेन्सिल काढून हातात घेतली आणि दुसऱ्याच वाक्यात दोघांना काका-काकू करून टाकलं. बोलण्यात तरबेज होती. म्हणाली, लेकीकडे लांबच्या मुक्कामाला जायचं तर वाटा दोनच. एक भेटीचा व्हिसा – ज्याचा त्याचा वेगळा, सहा महिने राहायचं, मुदत संपली की निमूट परत यायचं, मग पुन्हा अर्ज. दुसरा निवृत्तांचा – पेन्शन आहे, तब्येतीचा विमा आहे, तिकडे कुठे नोकरीला लागणार नाही असं लिहून दिलं की वर्षंच्या वर्षं राहता येतं, वाटलं तर मधूनमधून इकडे चक्कर मारायची. तो नवरा-बायकोचा मिळून एकच अर्ज असतो, एक मुख्य, दुसरा जोडीदार. अट एवढीच की तिकडे दोघांनी एका पत्त्यावर, एकत्र राहायचं.

एकत्र... या शब्दाची ती वाट बघत बसली होती हे तिला तो कानावर पडल्यावर कळलं. तिने कुणाला सांगितलं नव्हतं. कामाच्या शेवटच्या दिवशी एप्रनची घडी घालताना जे मनात आलं होतं ते अगदी साधं होतं – मुंगीच्या घरातली मागची खोली, खिडकी, सकाळ, आणि हे समोर बसलेले, जागे. त्या चित्रात बाळ होतं, मुंगी होती, पण चैनीची वस्तू म्हणाल तर एकच होती, की हे सकाळच्या उजेडात जागे आहेत आणि मला कुठे निघायचं नाही. एवढंच. ते इतकं उघड होतं की बोलून दाखवण्यासारखं त्यात काही आहे असं तिला वाटलंच नव्हतं. कागद जमवले, फोटो काढले, आता सही करायची.

“दोघांचा वेगवेगळा करा,” तो म्हणाला. “भेटीचाच. आधी ही जाईल. हिची मुदत भरत आली की मी. मी परत आलो की पुन्हा ही.”

व्हिसावालीने पेन्सिल गालाला टेकवली. “म्हणजे काकू उतरणार आणि काका चढणार? बसमधल्या सीटसारखं?”

“तसं कसं,” तो गंभीरपणे म्हणाला. “मध्ये एक दिवस दोघंही तिथं असू. चार्ज द्यायला लागतो ना.”

आणि त्याने मान वळवून तिच्याकडे बघितलं. गळका नळ दुरुस्त करून झाल्यावर बघायचा तसं.

पायाखालची जमीन सरकते म्हणतात. सरकली नाही. उलट सगळं जागच्या जागी गच्च बसलेलं, टेबल, पेन्सिल, भिंतीवरचं विमानाचं चित्र; फक्त आवाज गेले. व्हिसावालीचे ओठ हलत होते. रुग्णालयात वाफेच्या यंत्राचं जाड दार एकदा फिरवून बंद केलं की आत काय ते आत, बाहेर नुसतं तापत जाणारं लोखंड, त्याला हात लावायचा नाही आणि त्याच्याकडे पाठही करायची नाही; तशी ती स्वतःसमोर उभी राहिली. मग आवाज परत आले तेव्हा व्हिसावाली तिलाच विचारत होती, काकू तुमचं काय, आज संध्याकाळी ऑफिस बंद व्हायच्या आत नक्की सांगा, म्हणजे उद्याच अर्ज पुढे जाईल. आणि निवृत्तांचा घ्यायचा असलाच तर दोघांचे एकत्र असे चार-सहा फोटो लागतील हं, वेगवेगळ्या वर्षांतले, नवरा-बायको बरोबर राहतात हे त्यांना दिसलं पाहिजे.

“संध्याकाळी सांगते,” ती म्हणाली.

त्याच्या कपाळावर एक आठी आली आणि गेली. काटा थोडा हलला होता. पण धोक्याच्या खुणेपर्यंत गेला नव्हता.

त्याची चूक नव्हती... म्हणजे चूक होती, पण ती दुसऱ्या कुठल्या नवऱ्याने केली नसती आणि हा नवरा केल्यावाचून राहिला नसता, अशी चूक. तो पाणीपुरवठ्याच्या पंपघरात, रात्रपाळीला. ती रुग्णालयात, शस्त्रक्रियेची हत्यारं वाफेत निर्जंतुक करायच्या विभागात, दिवसपाळीला. मुंगी झाली तेव्हा सांभाळायला कुणी नव्हतं, दोघांच्याही आया गेलेल्या, शेजार नवा. तेव्हा ठरलं की एकाने रात्र घ्यायची, एकाने दिवस. आठवड्याच्या सुट्ट्यासुद्धा मुद्दाम वेगळ्या वारांच्या मागून घेतल्या, साहेबांची मनधरणी करून, म्हणजे पोर एकही दिवस परक्याच्या हाती पडायला नको. मुंगीला दात आले, मुंगीला गोवर आला, मुंगी परीक्षांना बसली, मुंगी लग्न करून उडून गेली – आणि पाळ्या तशाच राहिल्या, कारण त्या बदलायचं कारण कुणाला सुचलं नाही. सकाळी तो दारात यायचा तेव्हा ती चपला घालत असायची. त्या दारातच सगळं. पंपघरात कामावरून उतरणारा चढणाऱ्याला सांगतो – ती झडप गळतेय, दोन नंबरच्या मोटरीचा आवाज बरा नाही – तसं ती सांगायची: दूध पिऊन झालंय, पोटात दुखतंय म्हणेल पण ते नाटक आहे, वीजवाला यायचाय. तो म्हणायचा, घेतला चार्ज. की ती पायऱ्या उतरायला मोकळी. संध्याकाळी हेच उलट. भांडणंसुद्धा तेवढ्याच वेळात बसवायची. एकदा तिने घराबाहेर पडताना त्याला काहीतरी लागेल असं सुनावलं होतं आणि दिवसभर हत्यारं पुसताना जीव थाऱ्यावर नव्हता, आणि संध्याकाळी तो फक्त म्हणाला होता, ‘सकाळचं राहिलंय ते उद्या बोलू,’ आणि कामावर गेला होता. ते उद्या कधी आलं का? आठवत नाही. राहून गेलेल्याची नोंद कुणी ठेवायची होती?

चार्ज दिल्याशिवाय जागा सोडायची नाही, हा पंपघरातला पहिला नियम. तो त्याला देवासारखा मानायचा. एकदा बदलीचा माणूस आलाच नाही तेव्हा दुपारपर्यंत हा तिथेच उभा, आणि इकडे ती मुंगीला कडेवर घेऊन दारात, तिची वेळ टळलेली. रागावली होती ती, पण आतून तिला वाटलं होतं, हा माणूस सोडून जाणाऱ्यांतला नाही. आज तोच माणूस, त्याच नियमाला धरून, आपल्याला सहा महिन्यांच्या पलीकडे पाठवत होता आणि स्वतः सहा महिन्यांच्या अलीकडे उभा राहत होता, आणि त्याला वाटत होतं की आपण कुणालाच सोडलेलं नाही.

रस्त्यात दोघांना बरोबर चालता येईना. हे तिच्या पूर्वी कधी लक्षात आलं नव्हतं – येणार कसं. तो लांब टांगा टाकायचा, मग आठवण झाल्यासारखा थांबायचा. ती त्याला गाठायला भरभर चालायची आणि पुढे निघून जायची. फळवाल्याच्या गाडीपाशी खांद्याला खांदा लागला तर दोघंही एकदमच बाजूला झाली आणि ‘लागलं का’ म्हणाली, बसमधल्या अनोळखी माणसांसारखी. फळवाला गालात हसला. तो गाडीवरची फळं दाबून बघत होता आणि ती त्याच्याकडे बघत होती, आणि तेव्हा – तिथे, उन्हात, पिशवीचं तोंड धरून उभी असताना – तिच्या लक्षात आलं की आपल्याला हलकं वाटतंय.

थांब. हलकं?

हो, हलकं, आणि आत्ता नाही, मघापासून. तो ‘वेगवेगळा करा’ म्हणाला त्याच क्षणी, धक्का बसायच्याही आधी, केसाएवढ्या अंतराने आधी, आत काहीतरी सैल झालं होतं. कामावरून सुटताना डोक्यावरची घट्ट टोपी काढली की कपाळाला वारा लागायचा, तसं. सुटले, असं काहीतरी. मी म्हटलं होतं ते? कुणी म्हटलं? मनात दुसरं कोण आहे... ज्याची वाट बघत बसले होते ते नाही म्हणून कळल्यावर पहिल्यांदा जर सुटका वाटली असेल, तर मग मी कसली वाट बघत होते? आणि नंतर आला तो धक्का कशाचा – यांच्या बोलण्याचा, की माझ्या त्या सुटकेचा? ती इतकी दचकली की पिशवीचं तोंड सुटलं आणि दोन फळं रस्त्यावर घरंगळत गेली. तो वाकून उचलायला धावला. ती उभीच. गुडघे धरलेला, चष्मा सावरणारा, वाहनं चुकवत फळांमागे जाणारा हा माणूस... याच्याबरोबर सगळा दिवस कसा घालवायचा? काय बोलायचं? चार्ज देऊन झाला की आम्ही काय बोलतो?

घरी आल्यावर तो दोन घास खाऊन आतल्या खोलीत झोपायला गेला. निवृत्त होऊन त्याला वर्ष होत आलं, तिला तीन महिने, तरी घर पाळ्यांवरच चाललं होतं. त्याला रात्री झोप येईना; तो बाहेरच्या खोलीत रेडिओ खोलून बसायचा, घरातली सगळी बिघडलेली आणि काही न बिघडलेलीसुद्धा यंत्रं दुरुस्त करायचा, आणि उजाडलं की आडवा व्हायचा. तिला वाटलं होतं, शरीराला सवय आहे, सुटेल हळूहळू. आता ती भांडी आवरताना आतल्या दाराकडे बघत होती आणि विचार करत होती की शरीर खरंच एवढं हट्टी असतं, की त्याला कुणी सवय सोडू नकोस म्हणून सांगितलेलं असतं... आणि तिने तरी कुठे सोडवायचा प्रयत्न केला होता? सकाळी उठवलं असतं एकदा. चहा करून हाक मारली असती. ती पायांचा आवाज न करता घरात वावरायची, कप कपाला लागू द्यायची नाही. काळजी म्हणून, अर्थात. काळजीच. शस्त्रक्रियेची हत्यारं वाफेतून निघाली की नुसतं बघून काही सांगता येत नाही, चकचकीत तर ती आधीही असतात; पुड्यावरच्या पट्टीच्या रेघा काळ्या झाल्या असतील तरच खात्री. माणसाच्या काळजीवर अशी काही पट्टी असती तर...

दुपारी मुंगीचा फोन आला. आवाज अगदी दबका, म्हणजे बाळ खांद्यावर झोपलेलं. पण त्या दबक्या आवाजातही आनंद मावत नव्हता. आळीपाळीने यायचं हे बाबांनी तिला मागच्या आठवड्यातच सांगितलं होतं. ती तेव्हापासून दिवस मोजत होती, तुला बाबाच सांगणार होते म्हणून गप्प बसले, म्हणाली. आता वर्षभर घरात आपलं कुणीतरी असेल, पाळणाघराचं नाव नको. जावईबापूंनी रात्रीचं काम घेतलंय म्हणे, ती दिवसा जाते. आत्ताच ते परत आलेत, ती निघायच्या तयारीत आहे, बूट घालता घालताच बोलतेय.

“मग ते झोपतात कधी?” तिने विचारलं.

“मी घरात नसते तेव्हा,” मुंगी हसून म्हणाली. “आई, तुम्ही दोघांनी काय सुरेख जमवलं होतं गं. मला एक दिवस एकटं वाटलं नाही. मी ह्याला सांगितलं, आपण तसंच करायचं.”

सुरेख. मुंगीला सांगायला हवं होतं... काय? की बाई, तसं करू नकोस? पण तसं केलं म्हणून तर तू एकटी पडली नाहीस. की तू दोघांच्यामध्ये होतीस म्हणून तुला दोघं दिसली, एक इकडून आणि एक तिकडून, आणि तुला वाटलं दोघं एकत्र आहेत? ते खरं होतं की नव्हतं हे मला तरी कुठे माहीत आहे. तिने विचारलं ते वेगळंच – बूट ओले नाहीत ना, सर्दी आहे का तुला. मुंगी म्हणाली, आई, निघते गं, ह्याला बाळ द्यायचंय. आणि फोन बंद व्हायच्या आत, पलीकडून, दुरून, मुंगीचा त्याच्याशी बोलण्याचा आवाज आला: औषध दिलंय, कपडे वाळत घातलेत, मग भेटू. दार लागल्याचा आवाज. तो आवाज तिच्या ओळखीचा होता. जगातलं कुठलंही दार तसंच लागतं.

तिने फोन ठेवला. मग उठून कपाटातला फोटोंचा डबा काढला. कशाला, हे तिने स्वतःला विचारलं नाही. मुंगी आणि ती – बागेत, झोक्यावर, गॅलरीत. मुंगी आणि तो – त्याच बागेत, त्याच झोक्यावर, दुसऱ्या वारी. मुंगीचा तोच फ्रॉक. एखाद्याला वाटावं की एकाच दिवशी आळीपाळीने काढलेत, एक काढत होता आणि एक उभा राहत होता. नव्हे, मध्ये चार-चार दिवस गेलेले. शाळेच्या बक्षीस समारंभाला ती होती, सहलीला निरोप द्यायला तो होता. मुंगीच्या लग्नातले तेवढे दोघांचे होते, पण त्यातही मुंगी आणि जावई मध्ये आणि ही दोघं दोन टोकांना, कंसाच्या दोन बाजूंसारखी. छापील ओळीत कंसांच्या आत काहीही असो, कंस एकमेकांना कधी भेटत नाहीत. व्हिसावालीला हसू येईल. काका-काकू, म्हणेल, तुम्ही खरंच एका घरात राहता ना? आणि तिलाही क्षणभर हसू आलं, मोठ्याने, एकटीलाच. राहतो गं बाई. पंपघर आणि रुग्णालय तरी काय, एकाच गावात होती.

ऊन भिंतीवरून उतरायला लागलं. ऑफिस बंद व्हायच्या आत फोन करायचा होता. काय सांगायचं ते आता एका शब्दाचं काम होतं, आणि दोन्ही शब्द तिच्या तोंडात सारख्याच वजनाचे होते. ‘वेगवेगळे’ म्हटलं तर हे खूश, मुंगी खूश, बाळाला वर्षभर माणूस, आणि मीही... मीही. आयुष्य आहे तसं पुढे सुरू राहील, फक्त उंबरठा तेवढा लांबेल, समुद्रापलीकडे जाईल, आणि वर्षातून दोनदा आम्ही त्याच्यावर उभं राहून बाळाच्या औषधाबद्दल बोलू. मग एके दिवशी दोघांपैकी एक चार्ज घ्यायला येणार नाही. ह्या विचाराशी ती थांबली. त्याच्यापुढे जाता येईना, मागेही येईना.

ती आतल्या खोलीच्या दारात गेली. ह्या वेळी ह्या खोलीत ती कधी येत नसे. रुग्णालयातून बाद झालेल्या हिरव्या कापडाचे दुहेरी पडदे तिनेच शिवले होते, त्याला दिवसा अंधार मिळावा म्हणून. आत पाण्याखाली असावं तसा काळसर हिरवा उजेड. तो पलंगाच्या अगदी मधोमध झोपला होता. हात पसरून, एक पाय बाहेर. आणि तिला कळलं की तीही अशीच झोपते, मधोमध, रात्री. एका पलंगावर दोन बाजू असतात, एक बायकोची आणि एक नवऱ्याची, तसं काही ह्यांच्या पलंगाला नव्हतंच. गादीला मध्ये एकच खळगा पडलेला होता, दोघांनी मिळून पाडलेला, आळीपाळीने. किती सकाळी ती उठून गेल्यावर तो तिच्या उबेत येऊन पडला असेल... आणि किती संध्याकाळी तिने त्याची उशी न उलटता तशीच डोक्याखाली घेतली होती. हे काय होतं मग? ह्याला काय म्हणायचं? हे फोटोत येत नाही.

ती कडेला बसली. मग आडवी झाली.

कडेची गादी उंच होती, टणक. इतक्या वर्षांत तिच्यावर कुणी झोपलंच नव्हतं. शरीर आपोआप मधल्या उताराकडे घरंगळायला लागलं आणि तिने पलंगाची कड पकडली. हे सगळं किती हास्यास्पद आहे, तिला वाटलं. नव्या नवरीने धरावी तशी मी कड धरली आहे.

तो ताडकन उठून बसला. “काय झालं? कोणाला काय झालं?”

झोपेतून उठवणं म्हणजे काहीतरी झालेलं असणं. दुसऱ्या कुठल्या कारणाने त्या घरात कुणी कुणाला उठवलं नव्हतं. “काही नाही,” ती म्हणाली. “कुणाला काही नाही झालं.”

“मग?”

मग. तिच्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं – कुणाला ताप नव्हता, कुणी यायचं नव्हतं. तो अंधुक हिरव्या उजेडात तिच्याकडे बघत होता, चष्म्याशिवाय, म्हणजे त्याला ती नीट दिसत नसणार, आणि बहुधा म्हणूनच तिला बोलता आलं.

“मी त्या दुसऱ्या अर्जाचं बघत होते. दोघांच्या एकत्र.”

त्याने बसल्या जागी पायावरची चादर सारखी केली, मग पुन्हा विसकटली. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मग तो हळूच आडवा झाला, ह्या खेपेला मधोमध नाही, थोडा पलीकडे सरकून, आणि छताकडे बघत म्हणाला, “मला वाटलंच होतं, तुझ्या मनात तसं असेल.”

वाटलंच होतं. म्हणजे माहीत होतं. म्हणजे त्या ऑफिसात, दाबाच्या काट्याकडे बघावं तसं घड्याळाकडे बघत बसलेला तो माणूस सवयीने बोलला नव्हता, गाफीलपणाने बोलला नव्हता, आणि मी सकाळपासून ज्याच्यावर मनातल्या मनात रागावले, ज्याची कीव केली, ज्याला समजून घेतलं तो माणूस दुसराच कुणीतरी होता, मीच रचलेला... आणि हा खरा इथे पडला आहे, आणि ह्याला सगळं दिसत होतं.

“मग तुम्ही तसं का म्हणालात?”

त्याने चष्मा नसलेलं नाक चिमटीत धरलं आणि सोडलं.

“जमेल का आपल्याला?” तो म्हणाला.

न जमायला काय झालं – हे उत्तर तिच्या जिभेवर तयार होतं. कुठल्याही बायकोच्या जिभेवर ते तयारच असतं. चपला घालताना ती हेच म्हणाली असती आणि पायऱ्या उतरली असती. आज ते बाहेर येईना. त्या ऑफिसात आपल्या आत जे सैल झालं होतं ते तिला आठवलं, आणि तिला वाटलं, ह्यांनाही तसंच झालं असेल, कदाचित त्याच क्षणी, एकाच टेबलाच्या अलीकडे दोन खुर्च्यांवर बसून दोघांनाही सुटल्यासारखं वाटलं असेल आणि दोघांनीही ते एकमेकांपासून लपवलं असेल... इतक्या वर्षांत दोघांनी एकाच वेळी केलेली ही पहिलीच गोष्ट असेल. हसावं की रडावं. यातलं काहीच झालं नाही. फक्त कड धरलेला हात दुखायला लागला होता म्हणून तिने तो सोडला, आणि गादीच्या उताराने तिला जिथे न्यायचं तिथे नेलं, त्याच्या कोपरापर्यंत. तो सरकला नाही. ‘लागलं का’ असंही म्हणाला नाही.

“माहीत नाही,” ती म्हणाली.

“हं,” तो म्हणाला.

व्हिसावालीचं ऑफिस थोड्या वेळात बंद होईल, हे दोघांनाही ठाऊक होतं आणि कुणी उठलं नाही. काय सांगायचं ते तिला अजून माहीत नव्हतं. तो झोपलेला नव्हता. ते श्वासावरून कळत होतं. जाग्या माणसाचा श्वास असा असतो तर – मध्येच अडकतो, मध्येच काहीतरी ठरवल्यासारखा सुटतो – हे तिने मुंगीच्या बाबतीत, रुग्णालयातल्या बाकांवर वाट बघणाऱ्या परक्या लोकांच्या बाबतीत ऐकलं होतं. ह्यांच्या बाबतीत कधी नाही. ती ऐकत राहिली. आणि ऐकता ऐकता तिच्या मनात आलं की मग ह्यांनाही माझा ऐकू येत असेल, आत्ता, हा, हाच... आणि ह्या वयात, दिवसाउजेडी, स्वतःच्या घरात, तिला एवढी लाज वाटली आणि एवढी धास्ती, की पुढचा श्वास घ्यावा की नाही हेच तिला कळेना.